स्ट्रोक, बीपी, शुगर टाळायचे तर तपासणी शिबिर घ्यावं की दुसरं काही?

पायवाट

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचा एक छोटा स्वयंसेवी गट आहे. पुढचं वर्षभर एकाच विषयाला धरून बसायचं असं ठरलंय, तो म्हणजे स्ट्रोक आणि त्याच घरातले बाकीचे आजार, बीपी, डायबिटीस, हार्ट, किडनी वगैरे. पहिल्याच बैठकीत सगळ्यांचं म्हणणं पडलं की एक मोठं तपासणी शिबिर घेऊ, बीपी शुगर कोलेस्टेरॉल ईसीजी सगळं एका दिवसात उरकू आणि ज्यांचे आकडे वाढलेले निघतील त्यांना डॉक्टरांकडे पाठवू. दिसायला छान आहे, लोकही येतात. पण मला राहून राहून वाटतंय की त्या दिवसानंतर काय होतं याचा कुणी माग ठेवतं का?

थोडं वाचलं तर जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे दिसले, 30 ते 79 वयाच्या सव्वाशे कोटींहून जास्त लोकांना हाय बीपी आहे, त्यातल्या जवळपास निम्म्यांना ते माहीतच नाही आणि कंट्रोलमध्ये आहे ते फक्त पाचातल्या एकाचं. म्हणजे शोधायला तर हवंच ना? दुसरीकडे 32 देशांत मिळून झालेला एक मोठा अभ्यास सांगतो की बदलता येण्यासारख्या दहा कारणांत जवळपास 90 टक्के स्ट्रोकचा हिशेब लागतो. इतकं जर हातात आहे तर मग एवढे स्ट्रोक होतात का?

ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा. शिबिर घ्यावं की नको, आणि नको तर काय करावं? आणि अख्ख्या लोकसंख्येत हे आजार कमी करून दाखवलेत असं कुठे झालंय का?

रानवारा

पायवाट ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी सार्वजनिक आरोग्यात काम करतो, त्यामुळे या विषयावर थांबायला सांगितलं तरी थांबणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या शंकेत तथ्य आहे. डेन्मार्कमध्ये 30 ते 60 वयाच्या जवळपास साठ हजार लोकांवर एक प्रयोग झाला होता. त्यातल्या साधारण बारा हजार लोकांना बोलावून तपासलं, धोका मोजला, ज्यांचा जास्त त्यांना पाच वर्षं वारंवार सल्ला दिला, व्यायाम आहार सिगरेट सगळ्यावर. बाकीच्यांना काहीच नाही. दहा वर्षांनी बघितलं तर हार्टचे आजार, स्ट्रोक, मृत्यू, कशातच फरक नाही. 2014 साली हे छापून आलं. आणि तिथे पाठपुरावा एका दिवसाच्या शिबिरापेक्षा कितीतरी जास्त होता.

असं का होतं हे जेफ्री रोझ नावाच्या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी 1980 च्या दशकातच मांडून ठेवलंय. आकडे फक्त समजायला घेतो, खरे नाहीत. समजा दहा हजार माणसं आहेत. त्यातली पाचशे खूप धोक्यातली, त्यांच्यापैकी 10 टक्के लोकांना पुढच्या दहा वर्षांत स्ट्रोक होईल, म्हणजे 50 जण. उरलेल्या साडेनऊ हजारांचा धोका अगदी किरकोळ, 2 टक्के. पण साडेनऊ हजारांचे 2 टक्के म्हणजे 190 जण! शिबिरात आपण त्या पाचशेंना शोधून काढतो, बाकीच्यांना "तुमचं सगळं नॉर्मल" म्हणून घरी पाठवतो, आणि पुढे येणारे बहुतेक स्ट्रोक त्या घरी पाठवलेल्यांमधूनच येतात.

बीपीचं तर असं आहे की 140 च्या खाली सुरक्षित आणि वर धोका अशी काही भिंत नसते. दहा लाख लोकांचा डेटा एकत्र करून 2002 मध्ये दाखवलं गेलं की वरचा आकडा अगदी 115 पासूनच धोका चढायला लागतो, आणि 40 ते 69 वयात दर 20 ने वाढला की स्ट्रोकने मरण्याचा धोका दुपटीहून जास्त होतो. उलट बाजूने बघा, नुसता 2 ने कमी झाला तरी मध्यमवयात स्ट्रोकचे मृत्यू साधारण 10 टक्क्यांनी घटतात. एका माणसाला 2 ने काय फरक पडतो, काहीच जाणवणार नाही त्याला. पण सगळ्यांचाच 2 ने उतरला तर अख्ख्या देशातले स्ट्रोक कमी होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की आजारी निघेल त्याला शोधत बसण्याबरोबरच सगळ्यांचा आकडा थोडा थोडा खाली कसा येईल हे बघायला हवं, आणि त्याची साधनं वेगळी असतात, मीठ, तंबाखू, पाकिटातलं अन्न, हवा, चालायला जागा.

कुठे झालंय विचारलंत. फिनलंडचा उत्तर कारेलिया प्रांत. 1972 साली तिथे पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं, तेव्हा तिथले कामकरी वयाचे पुरुष हार्ट अटॅकने जगात सगळ्यात जास्त मरणाऱ्यांपैकी होते. त्यांनी काय केलं तर दूध-लोण्याच्या धंद्यातले लोक, दुकानं, गृहिणींच्या संघटना, शाळा, वर्तमानपत्रं, आरोग्य केंद्रं या सगळ्यांना कामाला लावलं. लोणी कमी, तेल जास्त, मीठ कमी, सिगरेट कमी, आणि बीपीचे पेशंट नीट नोंदवून औषधावर ठेवणं. चाळीस वर्षांत त्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त उतरले. जपानचंही बघा, 1960 च्या दशकात स्ट्रोकच्या मृत्यूंमध्ये जपान अगदी वरच्या नंबरला होता, आणि पुढच्या तीसेक वर्षांत तिथला दर कोसळला. मीठ कमी करण्याच्या मोहिमा, गावोगावी बीपी तपासून औषध चालू ठेवणं, 1961 पासून सगळ्यांना आरोग्य विमा, सगळं एकत्र लागू पडलं.

जुना_वाचक

रानवारा यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे पण मी पूर्ण सहमत नाही. शेवटी काय खायचं, सिगरेट ओढायची की नाही, चालायला जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. सरकारने किंवा संस्थेने सगळ्यांचं मीठ कमी करायचं म्हणजे ज्याला काही झालेलं नाही त्याच्यावरही बंधन आलं. त्यापेक्षा लोकांना नीट समजावून सांगा, शाळेपासून सांगा, ज्याला पटेल तो करेल. मला जनजागृती हाच खरा उपाय वाटतो, बाकी सगळं वरून लादलेलं टिकत नाही.

रानवारा

@जुना_वाचक, तुमचा मुद्दा मनापासून आहे आणि त्याचा विचार करायलाच हवा. पण एक बघा. श्रीमंत देशांत माणसाच्या पोटात जाणाऱ्या मिठातलं साधारण तीन चतुर्थांश मीठ कारखान्यातच अन्नात पडलेलं असतं. तो माणूस कितीही जागृत असला तरी ब्रेडमधलं मीठ बाहेर कसं काढणार? त्याला निवड आहे असं आपण म्हणतो पण निवड आधीच कुणीतरी करून ठेवलेली असते.

ब्रिटनने 2003 नंतर हेच केलं. प्रत्येक प्रकारच्या खाण्याला मिठाचं लक्ष्य ठरवून दिलं आणि कंपन्यांना ते हळूहळू, दरवेळी थोडंसं, असं खाली आणायला लावलं. जीभ तेवढ्या फरकाला सरावते, कुणाला चव बदलल्याचं कळलंही नाही. 2011 पर्यंत दिवसाचं सरासरी मीठ साडेनऊ ग्रॅमवरून आठच्या आसपास आलं. यात कुणाच्या ताटावर कुणी पहारा दिला नाही, ज्याला जास्त हवं त्याने वरून घ्यावं, मिठाची डबी आहेच की. जगाची सरासरी आजही दिवसाला जवळपास 11 ग्रॅम आहे आणि सांगितलेली मर्यादा 5 ग्रॅमच्या आत.

जनजागृती नको असं मी म्हणतच नाही. पण नुसत्या जनजागृतीचा फायदा ज्यांच्याकडे वेळ, पैसा, शिक्षण आहे त्यांनाच आधी होतो, आणि स्ट्रोक जास्त होतो तो बाकीच्यांना, तोही कमी वयात. हे मला फार खटकतं, म्हणून एवढं लिहितोय.

तंबाखूचं तर उघड आहे. पाकिटावरचं चित्र, बंद जागेत बंदी, जाहिरातबंदी आणि सगळ्यात भारी म्हणजे कर, हे सगळं मिळून कमी झालं. नुसतं "सोडा हो" सांगून झालं नाही. हां, सोडणाऱ्याला मात्र हे जरूर सांगावं की उशीर कधीच झालेला नसतो, ब्रिटिश डॉक्टरांवरच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासात दिसलं की तिशीत सोडली तर साधारण 10 वर्षं आयुष्य परत मिळतं, पन्नाशीत सोडली तर 6 आणि साठीत सोडली तरी 3.

कवडसा

मी नर्स आहे, बीपी-शुगरच्या ओपीडीत बरीच वर्षं काढलीत. वरची चर्चा धोरणाची आहे, पटतेय, पण पायवाट ताईंच्या गटाला मिठाचा कायदा काही करता येणार नाही, म्हणून मी जरा खालच्या लेव्हलचं सांगते.

शिबिरात बीपी कसं मोजतात ते आठवा. माणूस जिना चढून येतो, रांगेत उभा राहतो, शेजारच्याशी बोलत बोलत स्टुलावर टेकतो, हात लटकत असतो, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात, बटण दाबतात, 152/94, पुढचा! त्या आकड्याला काही अर्थ नाही हो. पाच मिनिटं शांत बसायला हवं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक टाकलेले नकोत, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर आणि दंडाच्या मापाचा, लघवी तुंबलेली नको, अर्ध्या तासात चहा कॉफी सिगरेट नको, आणि मोजताना बोलायचं नाही, ना त्याने ना आपण. मिनिटभराने परत एकदा मोजायचं आणि सरासरी लिहायची. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा वर दाखवतो, हे तर सर्रास चालतं. अशा घाईच्या मोजणीत धडधाकट माणसाला उगाच गोळी चालू होते, आणि खरा पेशंट "रांगेत थांबल्यामुळे वाढलं असेल" म्हणून निघून जातो.

दुसरं म्हणजे रजिस्टर. माझ्या मते सगळं काम तिथेच आहे. किती जणांना तपासलं हा आकडा कुणीही देतं, पण ज्यांचं वाढलेलं निघालं त्यातले किती परत आले, सहा महिन्यांनी किती जण गोळी घेतायत आणि त्यातल्या कितींचं कंट्रोलमध्ये आहे, हे तीन रकाने फार थोड्या वह्यांमध्ये असतात. जो आला नाही त्याचं नाव वेगळं काढायचं आणि त्याला फोन करायचा, घरी जायचं, हे काम डॉक्टर करू शकत नाहीत, त्यांना वेळच नसतो. तुमच्यासारखा गट करू शकतो.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या विमा-दवाखाना व्यवस्थेने, कैसर पर्मनंटे, हेच केलं. सगळ्या हाय बीपीवाल्यांची एकच यादी, सगळ्या डॉक्टरांना औषधाची एकच सोपी पद्धत, दोन औषधं एकाच गोळीत, आणि बीपी बघायला यायचं तर डॉक्टरची वेळ घ्यायची गरज नाही, सहायकाकडे या, मोजा, जा. 2001 मध्ये 44 टक्के लोकांचं बीपी कंट्रोलमध्ये होतं, 2009 ला 80 टक्के. औषधं जुनीच होती सगळी.

आणि हे श्रीमंत देशातच होतं असं नाही. चीनमध्ये 326 खेड्यांत साधारण 34 हजार लोकांवर काम झालं, तिथल्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी, जे एमबीबीएससारखे पूर्ण डॉक्टर नव्हेत, ठरवून दिलेल्या पायऱ्यांनी औषधं सुरू केली, वाढवली, घरी मोजायला शिकवलं, वरून डॉक्टरांची देखरेख होती. तीन वर्षांत नेहमीच्या उपचारापेक्षा स्ट्रोक साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. मी हे वाचलं तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं, कारण ओपीडीत आम्हाला हेच हवं असतं, कुणीतरी त्या माणसाला परत आणून बसवणारं.

मुक्कामी

कवडसा ताईंना शंभर टक्के अनुमोदन. मी डॉक्टर वगैरे नाही, आईला स्ट्रोक झाल्यापासून घरी तिचं सगळं बघतो. उजवा हात गेलाय आणि बोलणं अर्धं, तिला शब्द सापडत नाहीत, पेला हवा असतो आणि तोंडातून वेगळंच काहीतरी येतं, मग चिडून रडते.

तिला बीपी आहे हे आम्हाला माहीत होतं. म्हणजे "शोधून" झालेलं होतं. दोन महिने गोळी घेतली, मग मोजलं तर 128 आलं, तिला वाटलं बरं झालं, गोळी थांबवली. नंतर ड्रॉवरमध्ये पाकीट सापडलं, अर्धं भरलेलं, गोळ्या तशाच. 128 हे गोळीमुळेच आलेलं आहे, गोळी थांबली की परत वर जाणार, एवढं एक वाक्य तिला कुणी समजेल असं सांगितलं नव्हतं. तुमच्या गटाने बाकी काहीही नाही केलं आणि हे एक वाक्य प्रत्येक बीपीवाल्याच्या घरात पोचवलं तरी मी म्हणेन वर्ष सार्थकी लागलं.

अजून एक. स्ट्रोकच्या आधी तिचा हात एकदा दहा मिनिटं बधिर झाला होता आणि आपोआप बरा झाला, म्हणून तिने घरात कुणाला सांगितलंच नाही. नंतर डॉक्टर म्हणाले तो छोटा इशारा होता आणि असा इशारा आला की पुढचे काही दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायला हवं. लोकांना हे माहीत नसतं हो. बरं वाटलं म्हणजे संपलं असंच वाटतं.

रानवारा

मुक्कामी, आईंना लवकर बोलता यावं ही मनापासून इच्छा. स्पीच थेरपी चालू ठेवा, सुधारणा पुष्कळ उशिराही होत राहते.

तुम्ही सांगितलेल्या इशाऱ्याबद्दल जोडतो. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात किंवा पाय अचानक ढिला, बोलणं अडखळणं, एका डोळ्याने अचानक न दिसणं, एकाएकी तोल जाणं, यातलं काहीही झालं की वेळ बघायची आणि थेट जिथे सीटी स्कॅन होतो तिथे जायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. आपोआप बरं झालं तरी जायचं. ऑक्सफर्डमध्ये 2007 साली दाखवलं गेलं की अशा छोट्या इशाऱ्यानंतर लगेच उपचार सुरू केले तर पुढच्या 90 दिवसांतले स्ट्रोक 80 टक्क्यांनी कमी होतात. प्रतिबंधात इतका मोठा आकडा क्वचितच बघायला मिळतो.

जुना_वाचक

मुक्कामी यांचा प्रतिसाद वाचून थांबलो. माहिती असूनही नुसती माहिती पुरत नाही हा मुद्दा पोचला, कारखान्यातल्या मिठाचंही पटलं. तरी लोकांना विश्वासात घेऊनच व्हावं एवढं म्हणणं कायम आहे.

पायवाट

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. मुक्कामी, तुमचं ते एक वाक्य मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

अजून दोन शंका. एक, कमी सोडियमचं मीठ मिळतं ते सगळ्यांना द्यावं का, कुणी म्हणतं उत्तम, कुणी म्हणतं किडनीला वाईट. दोन, शुगरचं काय? त्यासाठी वेगळी यादी करायची का? आणि रक्त पातळ व्हायची ॲस्पिरिन सगळ्या पन्नाशीच्या पुढच्यांनी घ्यावी असं गटात एकजण ठासून सांगतोय.

रानवारा

ॲस्पिरिनचं आधी सांगतो कारण ते धोक्याचं आहे. ज्याला कधी स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक झालेला नाही त्याने स्वतःच्या मनाने सुरू करू नये. पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि वयाबरोबर तो वाढतो, फायदा त्या मानाने अगदी थोडा. ज्यांना होऊन गेलंय त्यांना डॉक्टरांनी दिली असेल तर मात्र मनाने बंद करू नये.

मीठ. चीनच्याच ग्रामीण भागात 600 गावांत जवळपास 21 हजार लोकांवर पाच वर्षं काम झालं, 2021 ला निकाल आला. निम्म्या गावांना साधं मीठ, निम्म्यांना असं मीठ ज्यात 75 टक्के सोडियम क्लोराइड आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड. स्ट्रोक 14 टक्के कमी, मृत्यू 12 टक्के कमी. फक्त मीठ बदलून! पण त्यात गंभीर किडनीचे पेशंट घेतले नव्हते. किडनीचा आजार असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, बीपीच्या काही गोळ्याही त्यात येतात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. म्हणून सरसकट वाटप नको, चौकशी करून.

शुगरची वेगळी यादी नको, माणूस तोच असतो. चीनच्या डाचिंग शहरात 1986 ला शुगरच्या उंबरठ्यावरच्या लोकांना सहा वर्षं आहार-व्यायामावर ठेवलं होतं, तीस वर्षांनी पाहिलं तर त्यांना डायबिटीस सरासरी चार वर्षं उशिरा आला आणि हार्ट-स्ट्रोकचे प्रकार 26 टक्के कमी. एकाच वहीत बीपी, शुगर, तंबाखू, आणि नाडी नियमित लागते का एवढे रकाने ठेवा. नाडी अनियमित लागली तर ईसीजीला पाठवा, हृदयाची ती एक लय बिघडते त्यात स्ट्रोकचा धोका पाचपट होतो आणि रक्त पातळ करणाऱ्या योग्य औषधाने तो साधारण दोन तृतीयांश खाली येतो.

कवडसा

पायवाट ताई, शिबिर घ्यायचंच असेल तर घ्या, गटाचा उत्साह मोडू नका, पण लहान घ्या आणि तारीख ठरवायच्या आधी जवळच्या दवाखान्याशी बोलून घ्या की आम्ही पाठवलेले लोक तुम्ही वर्षभर सांभाळाल का, औषध सलग मिळेल का. ते "हो" म्हणेपर्यंत कुणाचंही बीपी मोजू नका. तीसजणांना धरून वर्षभर नेलंत तर तीनशेजणांना एकदा मोजण्यापेक्षा कितीतरी जास्त काम होईल.

आणि पहिल्याच दिवशी कुणाचं 180/120 किंवा वर आलं तर पाच मिनिटं बसवून परत मोजा. तसंच राहिलं आणि बरोबर छातीत दुखणं, धाप, अंधुक दिसणं, जबर डोकेदुखी, हातापायात अशक्तपणा असं काही असेल तर रजिस्टर बाजूला ठेवून गाडी बोलवा. काहीच त्रास नसेल तर घाबरवू नका, पण एकदोन दिवसांच्या आत डॉक्टरांनी बघितलंय याची खात्री तुमच्यातल्याच एकाने करायची, आणि तो एक कोण हे आधी ठरवून ठेवा.